पुढची ओळ

ती शिट्टी मी मारली होती.

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आयला नाही, बायकोला नाही, मुलांना तर नाहीच. आमच्या कॉलेजातले जुने लोक अधूनमधून जमतात, मानकोलीच्या एखाद्या ढाब्यावर जेवण होतं, आणि गॅदरिंगच्या गोष्टी निघाल्या की कुणीतरी हमखास म्हणतं, "आणि लाईट गेली तेव्हा ती शिट्टी! कोण होता रे तो हरामखोर?" सगळे हसतात. मीही हसतो, पापडाचा तुकडा मोडतो आणि कुणी दुसरं काही बोलायला लागेपर्यंत ताटात बघत राहतो. माझ्यावर कधी कुणाचा संशय गेला नाही. एका माणसाला मात्र त्याच क्षणी कळलं होतं, आणि तिनंही कुणाला सांगितलं नाही.

आमचं घर वळ गावात. आता तिथं ओळीनं गोदामं आहेत, मागे येणाऱ्या कंटेनरची पिपाणी दिवसभर वाजत असते, आणि आमच्या शेताच्या जागी उभ्या असलेल्या गोदामाच्या भाड्यावर माझं बरं चाललंय. तेव्हा तिथं भात होता, भातामागं भरतीच्या पाण्याचं खाजण आणि खाजणामागं खाडी. घरात शिरलं की आधी सुक्या जवळ्याचा वास यायचा, मग चुलीचा धूर आणि मग आयचा आवाज. आय धवलारीण होती. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो तो नंतर. हळद दळण्यापासून ते मांडवासाठी उंबराची फांदी तोडून आणण्यापर्यंत प्रत्येक कामाचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि तो म्हणणारी बाई हजर असेल तरच ते काम पुढं सरकतं. लग्नसराईत आयला गावोगावहून बोलावणं यायचं. बाप लवकर गेलेला, मला ठेवणार कुणाकडे? त्यामुळे लहानपणी किती मांडवांत तिच्या मांडीवर डोकं ठेवून मी झोपलो असेन, सांगता येणार नाही. ते धवले मी कधी पाठ केले नाहीत. झोपेतच आत उतरले. पुढं ती घरी भाकऱ्या थापता थापता गुणगुणायची, मध्येच चुलीत लाकूड सारायला थांबायची, आणि पुढची ओळ माझ्या तोंडून आपसूक निघायची. ती हसायची. "पोरगी असतास तं सगला तुझ्या वटीन टाकला असता," म्हणायची. धवला बायकांनी म्हणायचा असतो. पुरुषानं म्हटला तर गाव हसतं.

वनिता आमच्याच आळीतली. आमच्या आळीतून कॉलेजला निघालेली पहिली मुलगी. तिचे वडील पांडूकाका मिठागरावर होते. पाय कायम मिठानं फुटलेले, बोलणं मोजकं. जूनमध्ये आम्ही दोघं निघालो त्या सकाळी ते बांधापर्यंत आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "नरेश, तू हायस म्हणून धाडतंय हिला. नायतर बारावी झाली तेवरी पुरे व्हती." मी मान डोलावली. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

नाक्यावर भिवंडीकडे जाणारे टेम्पो भरून यायचे आणि आम्हा गावच्या पोरांसाठी थांबायचे नाहीत. मी दोन बोटं जिभेखाली घालून शिट्टी मारायचो. खाडीत होडीवाल्याला पलीकडून बोलवायची ती आमची शिट्टी, शेवटाला वर चढणारी. माझी जरा जास्तच वर चढायची. टेम्पो पुढं जाऊन थांबायचा, आणि मागून वही छातीशी धरून वनिता पळत यायची. "तुजी शिट्टी आयकली का माजे पाय आपसूक धावतान बग," ती धापा टाकत म्हणायची. टेम्पोत मीठ, मासळी आणि माणसं एकत्र. ती एखाद्या बाईच्या शेजारी जागा शोधायची, मी मागच्या फळीवर.

कॉलेजच्या चारही बाजूंना कापडाचे यंत्रमाग होते. भिंतीपलीकडून सतत खटक-खटक, खटक-खटक. आमचे सर लोक त्या आवाजाच्या वर आवाज काढून शिकवायचे, इतकी वर्षं शिकवून सगळ्यांचे घसे बसलेले. शुक्रवारी माग बंद, तेव्हा वर्गात शाईपेनाची कुरकुर ऐकू यायची आणि उगाच चुकल्यासारखं वाटायचं. सगळ्यात गंमत लाईट गेली की. सगळे माग एका दमात थांबायचे आणि ओरडून शिकवणाऱ्या सरांचं अर्धं वाक्य त्या शांततेत एकटंच उघडं पडायचं. सरही दचकायचे. मग पोरं हसायची, बायका घराबाहेर येऊन बोलायला लागायच्या, कुठंतरी कुकरची शिट्टी, कुठंतरी अजान, कोंबडा. सगळं गाव अचानक कानाशी यायचं. आजही माझ्या घरी लाईट गेली की इन्व्हर्टर लागण्याआधीचा तो एक क्षण मी श्वास धरून बसतो. मुलांना वाटतं बाबांना उकडतंय.

पहिल्याच आठवड्यात हजेरी घेताना माझं नाव आलं आणि मी घरच्यासारखं "हाय सर" म्हटलं. सगळा वर्ग फुटला. त्यातही एक आवाज मोठा होता, शिरीषचा. वकिलाचा मुलगा, शहरातला, मराठी स्वच्छ, हिंदी फर्मास, बसायला कँटीनमधलं कोपऱ्यातलं टेबल. "अबे हाय, इधर आ ना!" तेव्हापासून माझं नावच 'हाय' पडलं. तो दुष्ट नव्हता. चहा पाजायचा, नोट्स द्यायचा. पण त्या टेबलावर बसायचं तर त्याच्यासारखं बोलावं लागेल हे मला कुणी न सांगता कळलं. मी बांधावरून चालताना स्वतःशी सराव करायला लागलो. मना नाही, मला. आयला नाही, आला. आपला ल जिथं येतो तिथं ळ. गणपती होईतो जीभ बरीच वळली, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर कोपऱ्यातल्या टेबलावर माझी खुर्ची ठरली.

तोवर मी आणि वनिता मागच्या पायऱ्यांवर डबा खायचो. तिथं एक बदामाचं झाड होतं, त्याची लाल झालेली पानं डब्यात पडायची. तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी, कधी वालाचं बिरडं. ती अर्धी भाकरी मोडून माझ्या झाकणात टाकायची आणि वर्गातल्या सगळ्यांच्या नकला करायची. सरांच्या बसलेल्या घशाची तर इतकी हुबेहूब की मला ठसका लागायचा. नंतर मी "मित्र थांबलेत" म्हणून जायला लागलो. एकदा टेम्पोतून उतरल्यावर ती म्हणाली, "घरी पन असाच बोलतंस आता? आयशी पन?"

"कसं?"

"असा. दुकानदारासारखा."

ती पुढं चालायला लागली आणि माझ्या नव्या आवाजाची नक्कल करत म्हणाली, "आपण जरा लवकर चालूया का?" मलाही हसू आलं. तिच्यासमोर हसता यायचं.

दिवाळीनंतर मराठीच्या मॅडमनी लोकगीतांवर शिकवताना विचारलं, "इथं आगरी मुलं आहेत ना? कुणाच्या घरी धवले गातात? या वर्षी गॅदरिंगला आपल्या भागाचं काहीतरी होऊ दे." वनितानं वळून माझ्याकडे बघितलं. साहजिकच होतं. शिरीष माझ्या शेजारच्या बाकावर होता. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मॅडम, वनिताला येतात."

तिनं मला खोटं पाडलं नाही. उभी राहिली, पदराशी चाळा करत म्हणाली, "थोडे थोडे."

परतीच्या वाटेवर मात्र बांधावर पाऊल पडताच तिनं मला धरलं. "गातं कोन? तुजी आय. आनि नाव माजा सांगतंस?"

"बायकांचं असतं ते. मी कसा उभा राहू?"

"आयचा नाव तरी सांगाचा व्हता."

ती बांधावरून पुढं निघाली आणि वळून म्हणाली, "भितंस तू. जाव दे. शिकवल कं तुजी आय मना?"

आयनं शिकवलं. आयला तर हवंच होतं. रविवारी दुपारी जेवणं उरकली की वनिता आमच्याकडे यायची, आय पाटा मांडायची, कारण हात चालल्याशिवाय धवला येत नाही असं तिचं म्हणणं. वनिता हळकुंड वाटायची, आय ओळ टाकायची आणि ती उचलायची. तिचा आवाज पातळ नव्हता, ओल्या मातीसारखा भरीव होता. मी ओटीवर पुस्तक उघडं टाकून बसायचो. उंबराचा धवला निवडला होता. फांदी तोडायच्या आधी बाया झाडाला विनवतात,

'उंबरा रं उंबरा, डहाली दे मना,
लेकीचे मांडवान सावली दे मना.'

मग झाड उत्तर देतं. आणि नेमकं तिथं वनिता दर वेळी अडायची. मागणं तोंडात बसलं होतं, उत्तर बसत नव्हतं. आय म्हणायची, "मागाला सोपा जातं गो, झाडाचा आयकाला कठीन." आणि ओटीवरून मी पुस्तकातून डोकं वर न काढता उत्तराची ओळ म्हणायचो. दोघी खिदळायच्या. शेवटच्या रविवारी निघताना ती ओटीच्या पायरीवर थांबली. हात कोपरापर्यंत पिवळे. "मी तितं अडली तं?"

मी म्हणालो, "मी समोरच बसतंय. माझ्याकडं बग. मी देईन पुढची ओल."

बऱ्याच दिवसांनी मी तिच्याशी आमच्या बोलीत बोललो होतो. तिच्याही ते लक्षात आलं असावं. ती हसली आणि गेली.

गॅदरिंगचा मांडव मागावरच्या कोऱ्या कापडाचा घातला होता. भिवंडीत कापडाला तोटा नाही. वर कापड, बाजूंना कापड, दुपारचीही आत संधिप्रकाशासारखी सावली, आणि नव्या कापडाचा खळीचा वास. मी समोर बसलो होतो, कबूल केल्याप्रमाणे. फक्त माझ्या दोन्ही बाजूंना कोपऱ्यातलं टेबल बसलं होतं. वनिता आयचं हिरवं लुगडं नेसून आली, आमच्याकडचं, गुडघ्याशी घट्ट कासोटा असलेलं. तिनं पाटा पुढ्यात घेतला. शिरीष माझ्याकडे झुकला. "तुमच्या साईडची ना रे? चांगली ओळख आहे?"

"नाही," मी म्हणालो. "गाते असं ऐकलंय. एवढंच."

ती गायला लागली आणि खरं सांगतो, मांडव गप्प झाला. मागांच्या खटक-खटकीवर तिचा आवाज बसला तो जणू मागच तिला ठेका देत होते. मॅडम विंगेत उभ्या राहून मान हलवत होत्या. उंबराला फांदी मागून झाली आणि लाईट गेली. माईक मेला, दिवे मेले, चारी बाजूंचे माग एका दमात थांबले. त्या शांततेत ती न थांबता मागण्याची ओळ पुन्हा घेत राहिली. बिनमाईकचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता. कोऱ्या कापडातून येणाऱ्या उजेडात ती नुसती हिरव्या रंगाची सावली दिसत होती. आणि मग उत्तराशी आली आणि अडली.

तिनं माझ्या दिशेनं बघितलं. ओळ माझ्या ओठांवर आलेली होती. पुटपुटलो असतो तरी तिला पुरलं असतं, इतकी शांतता होती.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "ए हाय, तुझीच भाषा आहे ना? सांग की पुढचं!" टेबल मागं वळून हसायला लागलं. त्याला काही ठाऊक नव्हतं, त्यानं सहज थट्टा केली होती. पण मला वाटलं, कळलं. आयचं कळलं, मांडीवरची झोप कळली, बायकांची गाणी येतात ते कळलं. आणि मी जिभेखाली बोटं घालून शिट्टी मारली. खाडीची. शेवटाला वर चढणारी.

मग काय, सगळ्यांना वाटच मिळाली. हुर्यो, टाळ्या, बाकं बडवणं. अंधुक उजेडात कुणी कुणाला बघितलं नाही. वनिता तशीच बसून राहिली, मान किंचित तिरकी, नाक्यावर शिट्टी ऐकून वळायची तशी. फक्त या वेळी ती धावली नाही. उठली, पाटा उचलून कमरेवर घेतला आणि हळू चालत आत गेली. लाईट आली तेव्हा माग सुरू झाले, माईक सुरू झाला आणि फिशपाँड वाचायला कुणीतरी दुसराच उभा होता.

ती माझ्यासाठी थांबली नाही, एकटी गेली. मी उशिरा पोचलो. आय ओटीवर बसली होती, शेजारी हिरव्या लुगड्याची व्यवस्थित घडी. "वनी देऊन गेली," आय म्हणाली. "लाईट गेली म्हून अर्धाच राहिला म्हनते. खरा?"

मी म्हणालो, "हो. लाईट गेली."

मला वाचवायचं वाक्य तिनं माझ्या आधी माझ्या घरी आणून ठेवलं होतं, आणि मी ते उचललं.

त्यानंतर ती कॉलेजात आली नाही. पांडूकाका मला शोधत बांधावर आले. माझा हात धरला. त्यांचा तळवा खरबरीत, थंड. "पोरगी नुसती न्हाय जमत म्हनते. कोन काय बोलला का तिला? तुना ठावूक आसल. सांग मना, मी येतंय तुज्या कॉलेजान." त्यांनी सगळा भरवसा माझ्यावर टाकलेला. एक शब्द बोललो असतो तर ते आले असते, भांडले असते आणि तिला परत धाडलंही असतं. मी म्हणालो, "नाही काका. कुणी काही बोललं नाही." त्यांनी माझा हात सोडला आणि ते मिठागराकडे वळले.

पुढच्या सहामाहीत मी टेम्पोला हात दाखवायला लागलो. थांबला तर थांबला. डबा घेऊन एकदोनदा मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. बदामाला नवी पालवी फुटत होती. शुक्रवारची शांतता, परीक्षेचा मांडलेला हॉल, तिच्या नंबराचं रिकामं बाक. मी चांगल्या मार्कांनी पास झालो. कोपऱ्यातलं टेबल माझ्यासाठी टाळ्या वाजवत होतं, आणि मला कुणीतरी सरांच्या बसलेल्या घशाची नक्कल करावी असं फार वाटत होतं.

वैशाखात तिचं लग्न झालं, खारबावला दिली. धवलारीण अर्थातच आय. मी पंगतीला पाणी वाढत होतो. उंबराच्या धवल्यावर आय आली, मागणं म्हणून झालं आणि तिनं सवयीनं दम घेतला, मी पुढची ओळ देईन म्हणून नव्हे, नुसताच दम. वनिता मान खाली घालून पाटावर बसलेली, कपाळापासून पायांपर्यंत हळद. तिनं मान वर केली नाही. मी बादली खाली ठेवून मांडवामागं गेलो आणि आयनं झाडाचं उत्तर म्हणेपर्यंत विहिरीच्या कठड्याला धरून उभा राहिलो.

आय कितीतरी वर्षं म्हणायची, "वनी माहेरी आयली का सांग. उरलेला शिकाचा हाय तिचा." वनिता माहेरी यायची, आमच्या घरावरून जायची, आत यायची नाही. आयला वाटायचं पोरगी संसारात अडकली. दुसऱ्या कुणाला तिनं मनापासून शिकवलं नाही. आय गेली तेव्हा तिचे धवले तिच्याबरोबर गेले असं गाव म्हणालं. ते खरं नाही. ते सगळे माझ्यात आहेत. मीच तेवढा उरलो आहे, आणि मी पुरुष आहे, गोदामाचा मालक आहे, आणि गाडी चालवताना काचा वर करूनही ते म्हणत नाही.

मागच्या लग्नसराईत खारबावला एका हळदीला गेलो होतो. आता सगळीकडे मोठाले स्पीकर. जेवणाच्या वेळी ते बंद झाले तेव्हा म्हाताऱ्या बायांनी हौसेनं धवला धरला, येईल तसा, तुटका. सगळ्या बाया ओठ हलवत होत्या. वनिता नवरीला हळद लावत होती. केस पांढरे, चष्मा, तोंड मिटलेलं. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "वनीबाय कवाच न्हाय गात. गलाच न्हाय तिला."

निघताना ती समोर आली. "नरेश, बरा हायस ना?" तिनं हसून विचारलं. तोच आवाज, भरीव. मी म्हणालो, "बरा हाय." आणि पुढं, देवाशपथ, तोंडात शब्द आला होता, पण मी म्हणालो, "गाडी जरा लांब लावलीय."

ती म्हणाली, "जा मग सावकाश."

झाडाचं उत्तर असं आहे:

'डहाली नेशील बाय, खोडाला नको घाव,
मागं राहिल्या सावलीचं इसरू नको नाव.'

इथं लिहिलं म्हणून ते फिटत नाही. वनितानं बघितलं आणि मी दिली नाही, ती ओळ मी तिला देणं लागतो. तिच्या अंगणात, दिवसाउजेडी, तिच्या माणसांसमोर, माझ्या स्वतःच्या तोंडानं म्हणून. आणि त्याआधी हे, की ती शिट्टी मी मारली होती.